१९५१ ची हिरवी रॅले : एकाच सायकलवर तीन हिरवे, मूळ कोणता मानावा?

कारेलीबागकर (वडोदरा)

सर्वांना नमस्कार.

आमच्या घरी नॉटिंगहॅमला बनलेली, रॅले कंपनीची दांडीची सायकल आहे. मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर ए.डब्ल्यू. या अक्षरांजवळ ५१ हा आकडा ठोकलेला आहे. मागचे चाक कधी बदलल्याचे घरात कोणालाच आठवत नाही, त्यामुळे सायकल १९५१ ची किंवा फार तर त्याच्या आगेमागेची असावी असे मी धरून चाललो आहे. वडिलांच्या सांगण्याप्रमाणे १९८० च्या सुमारास एका रंगाऱ्याने तिला ब्रशने निळा ऑइलपेंट लावला आणि कारखान्यातला हिरवा रंग त्याखाली गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरले, तेव्हा ही सायकल क्रँकच्या वरपर्यंत गढूळ पाण्यात उभी होती. तेव्हापासून खालच्या नळ्यांवरचा निळा रंग फुगून सुटू लागला आहे आणि त्याखालचा हिरवा दिसू लागला आहे. सायकल पुन्हा मूळ रंगात आणावी असे तेव्हापासूनच मनात आहे.

अडचण अशी की हिरवा एक नाही. समोरच्या नळीवरचा बगळ्याच्या तोंडाचा पितळी बिल्ला काढला तर त्याखाली गर्द आणि पिवळसर झाक असलेला हिरवा आहे. निळा रंग जिथे आपोआप सुटला तिथे मळकट, जवळजवळ शेवाळी रंग आहे. चेनकव्हरच्या आतल्या बाजूला मात्र स्वच्छ, निळसर हिरवा आहे. चेनकव्हरचा रंग सर्वांत टवटवीत दिसला म्हणून तेच मोटारींच्या रंगाच्या दुकानात नेले आणि यंत्राने मोजून रंग करून घेतला. दुकानातल्या दिव्याखाली तो तंतोतंत जुळत होता, पण गच्चीवर आणून पाहिला तर चेनकव्हरशेजारी चक्क पोपटी दिसतो.

या तिन्हींपैकी मूळ रंग कोणता मानावा, आणि तो नेमका करून कसा घ्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. सायकल पूर्ण रंगवावी की जितका जुना रंग शिल्लक आहे तितका राखावा, याविषयीही माझे मन अजून ठरलेले नाही.

जुनी घंटी (वडोदरा)

कारेलीबागकर, निळा रंग खरवडण्याआधी एक गोष्ट अवश्य करा. रात्री खोलीतले दिवे मालवून टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा आणि उजेड नळीच्या लांबीच्या दिशेने सरकवत न्या. ब्रशने लावलेल्या ऑइलपेंटखाली मूळ अक्षरांची किंवा सोनेरी रेघांची कड शिल्लक असेल, तर ती अशा आडव्या उजेडात पुसट उंचवट्यासारखी दिसते. खालच्या तिरक्या नळीवर आणि सीटखालच्या नळीवर विशेष लक्ष द्या. तिथे काही दिसले, तर त्या जागेभोवती खडूने खूण करून फोटो काढा आणि तिथे पॉलिश पेपर लावूच नका.

मग सीटखालच्या नळीच्या मागच्या अंगाला, मडगार्डाच्या आडोशाला, रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडून ती पाण्याच्या पॉलिश पेपरने उघडा. निळा जाईपर्यंत ८०० नंबरचा पेपर, त्यापुढे १५०० आणि शेवटी २००० चा वापरा. हात गोल फिरवत राहिलात की मधोमध धातू लागतो आणि त्याभोवती एकेका थराचे कडे उमटते. रॅलेचे कारखाने त्या काळात रंगाआधी पोलादावर फॉस्फेटचा थर देत असत आणि जाहिरातींत त्याला 'स्प्रा-बाँडरायझिंग' म्हणत. त्यामुळे धातूला लागून बारीक राखाडी कडे आणि त्याच्या बाहेर हिरवे दिसले, तर तो हिरवा कारखान्याचाच असण्याचा संभव मोठा. उलट हिरव्याखाली लांबी (खड्डे बुजवायचा लेप) किंवा विटकरी रेड ऑक्साइडचे अस्तर दिसले, तर निळ्याच्याही आधी कोणीतरी सायकल एकदा रंगवली आहे असे समजावे. आपल्याकडे एकाच सायकलवर दोन-तीन रंगाऱ्यांचे थर सापडणे मुळीच नवलाचे नाही.

हे सर्व काम पाणी लावूनच करायचे. त्या काळच्या हिरव्या आणि पिवळ्या रंगांत शिशाचे संयुग असण्याची शक्यता धरूनच चालावे. कोरडे घासून धूळ उडवू नये, हॉट एअर गनने रंग फुगवू नये, आणि घासलेला चिखल कागदावर गोळा करून वेगळा टाकावा. घरात लहान मुले असतील तर हे काम स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ नको.

आता चेनकव्हर. ते दिसते चांगले, पण माझ्या मते तुमच्या तीन साक्षीदारांपैकी सर्वांत कमी विश्वासाचा तोच. चेनकव्हर आणि मडगार्ड ही सायकलची सर्वांत आधी मार खाणारी अंगे. ती वाकली की लोक सरळ बाजारातून लुधियानाच्या बनावटीचे बसवून घेत. कव्हर ज्या पट्ट्यांवर बसते त्या पट्ट्यांची भोके मुळातली आहेत की नंतर वाढवलेली, स्क्रू ब्रिटिश आट्यांचे आहेत की मिलिमीटरचे, हे आधी तपासा. भोक लांबट करून बसवलेले दिसले, तर त्या रंगाला विसरून जा.

सावलीतला रंग (वडोदरा)

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकले. हा विभाग १९५२ पासून चालू आहे आणि वस्तूला हात लावण्याआधी तिची नोंद करायची ही सवय तिथली. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

झाकलेल्या जागेतला रंग म्हणजे मूळ रंग, ही समजूत अर्धीच खरी आहे. झाकलेल्या जागेला ऊन लागत नाही, त्यामुळे तिथली रंगद्रव्ये विटत नाहीत, हे बरोबर. परंतु रंगात केवळ रंगद्रव्य नसते, त्याला धरून ठेवणारे माध्यमही असते. त्या काळच्या भट्टीत भाजलेल्या इनॅमलांत वाळणाऱ्या तेलाचा किंवा अशा तेलापासून केलेल्या अल्किड या राळेचा भाग मोठा असे, आणि या माध्यमाचा स्वभाव असा की ते अंधारात पिवळे पडत जाते, तर उजेडात त्यातले काही पिवळेपण परत जाते. म्हणजे उघड्यावरचा रंग उन्हाने बिघडतो आणि झाकलेला रंग अंधाराने. तुमच्या बिल्ल्याखालची पिवळसर झाक मला त्यामुळेच मूळची वाटत नाही. त्यात बिल्ला पितळेचा. दमट हवेत पितळेवर हिरवट कळंक चढतो आणि तो खालच्या रंगात मुरतो, म्हणून पितळेखालचा नमुना मी कधीच प्रमाण धरणार नाही.

त्याऐवजी चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फोर्क, उतरवा. चिमट्याच्या माथ्याची खालची बाजू, म्हणजे टायरच्या बरोबर वर येणारा भाग, रंगाऱ्याच्या ब्रशला सहसा लागत नाही. चिमट्याचा जो दांडा समोरच्या नळीच्या आत जातो, त्याच्या बुडाशीही कारखान्यातल्या रंगाचे ओघळ बहुधा मिळतात. तिथे पितळ नाही, ऊन नाही, पॉलिश नाही. तो भाग नुसत्या ओल्या कापसाने पुसा, अर्ध्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळा आणि उरलेला अर्धा थेट ऊन न लागणाऱ्या पण भरपूर उजेडाच्या खिडकीत काही आठवडे ठेवा. फॉइल काढल्यावर दोन अर्ध्यांत फरक दिसला, तर पिवळेपण किती आणि रंग किती हे डोळ्यांनाच कळेल. उजेडातला अर्धा भाग मूळच्या अधिक जवळचा.

निळ्याखालचा तो शेवाळी रंग मात्र सरळ उन्हाचा मारा आहे. १९५१ पासून १९८० पर्यंत तो उघडा होता. त्या पिढीतले बरेच गर्द हिरवे रंग प्रशियन ब्लू आणि क्रोम यलो एकत्र घोटून केलेले असत. क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट, आणि ते उजेडाने काळवंडते. प्रशियन ब्लूला अल्कली सोसत नाही, त्याने तो तपकिरी पडतो. कित्येक वर्षे सायकल धुण्याच्या सोड्याने धुतली जात असेल, तर मळकटपणाचे निम्मे कारण तिथेच सापडेल. याच गुणावरून एक साधी परीक्षा करता येते. निळ्याबरोबर सुटून आलेल्या हिरव्याचा एखादा पापुद्रा काचेवर ठेवून त्यावर कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाका. हातात मोजे हवेत, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि सायकलवर हा प्रयोग अजिबात करायचा नाही. पापुद्रा तपकिरी-पिवळा पडला तर त्यात प्रशियन ब्लू होता. रंग ढळला नाही तर फ्थॅलोसायनिनची शक्यता धरावी. १९३५ पासून ते रंगद्रव्य इंग्लंडात बाजारात होते आणि अल्कलीला ते दाद देत नाही. रंग कालवणाऱ्याला ही माहिती फार उपयोगी पडेल.

राहिला प्रश्न पूर्ण रंगवण्याचा. जुना हिरवा निम्म्याहून अधिक शिल्लक असेल तर मी रंगवणार नाही. निळा थर हळूहळू काढावा, जिथे धातू उघडा पडला आहे तेवढ्याच जागी रंग भरावा आणि जुन्या-नव्याच्या मध्ये पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर द्यावा. तो अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो, त्यामुळे उद्या कोणाला आपली भर काढावीशी वाटली तर मूळ भाजलेल्या रंगाला न दुखवता ती काढता येईल. मात्र सोनेरी रेघा आणि अक्षरे अ‍ॅसिटोनला टिकत नाहीत, त्यांच्याजवळ ही बाटली नेऊ नये. अशा वेळी जुळवायचा रंग कारखान्यातला नसतो, शेजारच्या इंचभर जागेत आज जो दिसतो तो असतो. म्हणून कोणत्या दिवसाचा रंग जुळवायचा, १९५१ चा की आजचा, हे आधी ठरवा. ते ठरल्याशिवाय डबा विकत घेण्यात अर्थ नाही.

सियागंज (इंदूर)

इतका खटाटोप कशासाठी? इंदुरात सायकलवाले फ्रेम सरळ सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला देतात. आर.ए.एल. या रंगयादीच्या नमुना-पत्त्यांतून ६००९ फर ग्रीन निवडावा, गर्द हिरवा येतो, दोन दिवसांत काम होते आणि पुढची वीस वर्षे गंजाची चिंता राहत नाही. वापरायची सायकल असेल तर माझ्या मते हाच व्यवहार शहाणपणाचा.

जुनी घंटी (वडोदरा)

सियागंज, रोज बाजारात न्यायची सायकल असती तर मीही तेच सांगितले असते. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमच्याकडेही ते काम होते. पण पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाड बसतो. रॅलेच्या लगच्या, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या सांध्यांच्या, धारदार कडा, सीटजवळ ठोकलेला फ्रेमचा नंबर, हे सर्व त्याखाली गोलमटोल होऊन जाते. ब्लास्टिंगनंतर फॉस्फेटचा थर, रेघा, अक्षरे, काहीच उरत नाही, म्हणजे पुढे कोणी हाच प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला फ्रेमवर पुरावाच नसेल. आर.ए.एल. ही १९२७ मध्ये जर्मनीत सुरू झालेली यादी आहे. नॉटिंगहॅमचा हिरवा त्यातल्या एखाद्या पत्त्याच्या जवळ गेला तर तो योगायोग.

टिंटर (वडोदरा)

मी औद्योगिक रंग कालवण्याच्या कामात आहे, त्यामुळे गच्चीवर पोपटी दिसलेल्या डब्याबद्दल लिहितो.

दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसणे, याला आमच्याकडे मेटॅमेरिझम म्हणतात. दोन्ही रंगांतली द्रव्ये वेगळी असली की हे होते. जुना रंग प्रशियन ब्लू आणि क्रोम यलोचा असेल, तर आज दुकानातल्या टिंटरांत (कालवायच्या मूळ रंगांत) ती जोडी सहसा मिळणार नाही. शिसे असलेली रंगद्रव्ये हळूहळू बाजूला पडत गेली आहेत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांना तर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादाच आहे, आणि मोटारींच्या टिंटरांतही आता बहुतेक सेंद्रिय पिवळे असतात. यंत्र आपल्या सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या उजेडासाठी गणित जुळवून देते. दुसऱ्या उजेडात ते जुळेलच अशी हमी ते देत नाही, तुम्ही मागितल्याशिवाय तर नाहीच. म्हणून दुकानदाराला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, गणित डी-६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी करावे आणि शेजारी पिवळ्या बल्बच्या उजेडातला फरकही पडद्यावर दाखवावा. दुसरी, शक्य असेल तितक्या कमी टिंटरांत रंग बसवावा. पाच-सहा टिंटर घातलेला रंग कागदावर जवळचा दिसतो आणि उन्हात फसवतो.

दुसरे कारण मोजणीचे. यंत्राच्या तोंडाखाली सपाट जागा लागते. सायकलची वरची दांडी एक इंच व्यासाची, सीटची नळी सव्वा इंचाहूनही बारीक. अशा गोलाईवर यंत्र नीट टेकत नाही, कडेने उजेड निसटतो आणि आकडा चुकीचा येतो. चेनकव्हर सपाट म्हणून तिथे मोजणी बरी आली असेल, पण ते कव्हरच मूळचे नसेल तर अचूक मोजणीचा उपयोग काय? चिमट्याच्या माथ्याची जी बाजू वर सुचवली आहे, तीवर लहान छिद्राचे तोंड असलेले यंत्र मिळाले तर मोजा. न मिळाले तर यंत्राला फक्त सुरुवातीचा आकडा विचारा आणि पुढचे डोळ्यांवर सोडा.

मोजण्याच्याही आधी दहापट भिंगातून रंग पाहा. हिरव्यात चंदेरी कण चमकत असतील, किंवा लगच्या खाचांत रंग गडद आणि उंचवट्यावर फिका असेल, तर तो साधा इनॅमल नसून चंदेरी थरावर दिलेला पारदर्शक हिरवा असू शकतो. त्या काळी इंग्लंडात अशी कामे होत, आपल्याकडचे पेंटर त्याला कँडी म्हणतात. तसे असेल तर एका डब्यात तो रंग कधीच मिळणार नाही. खालचा चंदेरी आणि वरचा हिरवा स्वतंत्र ठरवावे लागतील, आणि वरच्या थराची जाडी वाढली की रंग गडद होत जाईल. तुमच्या वर्णनावरून मात्र तो साधा, अपारदर्शक रंगच वाटतो.

डोळ्यांनी जुळवण्यासाठी पत्त्यांपासून सुरुवात करा. ब्रिटिश मानक ३८१-सी मध्ये ब्रन्सविक ग्रीनच्या फिक्या, मध्यम आणि गर्द अशा तीन छटा २२५, २२६ आणि २२७ या क्रमांकांनी आहेत, आणि आपल्या आय.एस. ५ मध्येही ब्रन्सविक ग्रीन आहे. रॅलेचा रंग यांपैकीच होता असे मी म्हणत नाही, पण कोणत्या दोन पत्त्यांच्या मध्ये तो पडतो हे कळले की कालवणाऱ्याला दिशा मिळते. पत्ता जुन्या रंगाशेजारी नुसता धरू नका. काळ्या कार्डाला बोटाएवढी दोन छिद्रे शेजारी शेजारी पाडा, एकातून जुना रंग आणि दुसऱ्यातून पत्ता दिसेल असे धरा. भोवतीचा निळा आणि गंजाचा तांबडा डोळ्यांआड गेला की निर्णय वेगळाच होतो. जागा गच्चीवरची, उत्तरेकडची सावली, आणि वेळ सकाळी उशिराची.

नमुने कागदावर नव्हे, पोलादी पत्र्याच्या तुकड्यांवर मारा, आणि सायकलला जे अस्तर लावणार तेच त्यांना लावा. हिरव्यासारखा रंग राखाडी अस्तरावर एक आणि विटकरी अस्तरावर दुसरा दिसतो, विशेषतः थर पातळ असेल तर. ओल्या रंगावर निकाल देऊ नका. पूर्ण वाळल्यावर, आणि हलक्या रबिंग कंपाउंडने जुन्याइतकी चमक आणल्यावरच तुलना करा. चमक जास्त असेल तर तोच रंग गडद वाटतो. जुना रंगही तुलनेच्या जागी आधी स्वच्छ करून घ्यावा, नाहीतर आपण रंग न जुळवता त्यावरचा मळ जुळवत बसतो, आणि हे फार जणांचे होते.

रंगाच्या जातीविषयी थोडेसे. एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) म्हणजे ज्याला लोक ड्युको म्हणतात, तो दिसायला जुन्या कामाशी छान मिळतो, पण श्रावणातल्या दमट हवेत मारला तर पांढुरका पडतो. आमच्या वडोदऱ्यात नवरात्र उलटेपर्यंत थांबलेले बरे. पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ, मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्यामुळे साधा कापडी मास्क चालत नाही आणि घराच्या गच्चीवर तो मारू नये. ठिकठिकाणी भर घालायची असेल तर मी एन.सी.च घेईन, पूर्ण फ्रेम रंगवायची असेल तर ओव्हनमध्ये भाजायचा स्टोव्हिंग इनॅमल. मकरपुऱ्यात एक-दोन फ्रेमचेही काम घेणारे मिळतात, फक्त रंग आपला द्यायचा.

कारेलीबागकर (वडोदरा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतरी बरेच काम झाले, ते सांगतो.

आडव्या उजेडात तिरक्या नळीवर अक्षरांची कड स्पष्ट दिसली, आणि वरच्या दांडीच्या दोन्ही अंगांना रेघेचा उंचवटाही दिसला. सीटखालच्या नळीच्या मागे थर उघडले, तेव्हा धातूनंतर राखाडी आणि त्यावर थेट हिरवा मिळाला. लांबी किंवा रेड ऑक्साइड कुठेही नाही. चेनकव्हरची मागची पट्टी जिथे फ्रेमला बसते तिथले भोक कानशीने लांबट केलेले आहे आणि स्क्रू मिलिमीटरचा आहे, त्यामुळे जुनी घंटी यांचा अंदाज बरोबर ठरला. कव्हर बाहेरचे आहे.

चिमट्याच्या माथ्याखाली रंग जवळजवळ अखंड मिळाला. फॉइलखाली झाकलेला अर्धा आणि खिडकीतला अर्धा यांत फरक पडला, आणि तो कोणालाही दाखवल्याशिवाय दिसण्याइतका आहे. उजेडातला भाग बिल्ल्याखालच्या रंगापेक्षा निळसर आहे, पण चेनकव्हरइतका निळा नाही. पापुद्र्यावर कॉस्टिकचा थेंब टाकताच कडेपासून तपकिरी पडत गेला. भिंगात चंदेरी कण दिसले नाहीत.

काळ्या कार्डातून पाहता हा रंग ब्रन्सविकच्या मध्यम आणि गर्द या दोन पत्त्यांच्या मध्ये येतो, गर्दच्या अधिक जवळ. त्यावरून तीन टिंटरांत रंग करून घेतला आणि पत्र्यावरचा नमुना गच्चीवर, खोलीत आणि पिवळ्या दिव्याखाली अशा तिन्ही ठिकाणी पाहिला. पिवळ्या दिव्याखाली किंचित फरक राहतो, बाकी दोन्हीकडे मी आणि माझी मुलगी दोघेही नमुना कोणता आणि चिमटा कोणता हे सांगू शकलो नाही.

शेवटी असे ठरवले आहे की वरची दांडी, समोरची नळी आणि अक्षरे असलेला भाग राखायचा, आणि पुराने खाल्लेल्या खालच्या नळ्यांवरच भर घालायची. तिथे शेजारचा जुना रंग मळकट असल्याने नव्या हिरव्यात थोडा काळा आणि अगदी चिमूटभर तांबडा घालून तो शेजाऱ्याला मिळवून घेणार आहे. मूळ १९५१ चा रंग मात्र चेनकव्हरला पूर्ण देईन, कारण ते मुळात बाहेरचे असल्याने तिथे जुने काही राखायचे नाही.

एक शंका उरली आहे. दांडीवरच्या रेघेचा थोडासा तुकडा निळ्याखालून बाहेर आला, तो सोनेरी नसून काळपट तपकिरी दिसतो. तो मूळचाच तपकिरी असेल का?

सावलीतला रंग (वडोदरा)

बहुतेक नसावा. अशा रेघा पुष्कळदा पितळेची किंवा ब्राँझची पूड वार्निशात कालवून ओढत असत, आणि वार्निश झिजले की ती पूड काळवंडते. भिंगातून पाहा. तपकिरीत मधूनमधून धातूचा कण चमकला, तर रेघ सोनेरीच होती. थिनर किंवा ब्रासो लावून ती उजळण्याच्या फंदात पडू नका, पूड वार्निशासकट निघून येईल. जिथे रेघ पूर्ण गेली आहे तिथे नवी ओढायची असेल, तर बाजारातल्या सोनेरी पेंटमध्ये थोडा कच्चा अंबर (तपकिरी मातीचा रंग) घाला, नाहीतर ती जुन्या हिरव्यावर लग्नपत्रिकेसारखी चमकेल. चेनकव्हरवरची रेघ मात्र पूर्ण सोनेरी ठेवायला हरकत नाही.

जुनी घंटी (वडोदरा)

रेघ ओढायला दुचाकींच्या टाक्यांवर हाताने काम करणारा जुना पेंटर शोधा. मास्किंग टेप लावून ओढलेल्या रेघेची कड चाकूने कापल्यासारखी येते, हाताच्या रेघेची तशी येत नाही, आणि कारखान्यातल्या रेघाही हातानेच ओढलेल्या होत्या. लांब केसांचा लायनिंगचा ब्रश त्याच्याकडे असेलच. रंग भरण्याआधी खालच्या नळ्यांच्या आत जमलेला पुराचा गाळ बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो तो भाग) उघडून काढायला विसरू नका आणि आत तेल किंवा गंजरोधक सोडा. ते राहिले तर वरचा रंग कितीही जुळला तरी दोन पावसाळ्यांत तो आतून फुगेल.